गरुडाचे पंख झाकू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या कथांमधील अर्धे माणूस, अर्धे पक्षी अशा जीवांवर जे पानभर लेखन आले, ते मी आवडीने वाचले. मात्र त्यातील दोन गोष्टी खटकल्या. ग्रीकांच्या, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरनला चित्रात माशाची शेपटी लावली होती आणि किन्नरी, सायरन, हार्पी या सगळ्यांना सरसकट ‘पऱ्या’ म्हटले होते. तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे दुरुस्तीची खोड लागली आहे, ती आपण गोड मानून घ्यावी.

ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात सायरन दिसायला कशा होत्या, हे कोठेही सांगितलेले नाही. तेथे आहे तो त्यांचा आवाज आणि तो ऐकू येऊ नये म्हणून खलाशांच्या कानांत घातलेले मेण. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इ. स. पूर्व ४८० च्या सुमाराचा एक रंगवलेला घडा आहे. त्यावर डोलकाठीला बांधलेला त्या महाकाव्याचा नायक ओडिसियस मान वर करून ऐकतो आहे आणि बाईचे डोके असलेल्या तीन पक्ष्यांपैकी एक कड्यावरून डोक्यावर पडल्यासारखा खाली कोसळतो आहे. माशाची शेपटी या बायांना पुढे युरोपच्या मध्ययुगात चिकटली. रुग्णवाहिकेच्या भोंग्याला आपण ज्यांचे नाव देतो, त्यांचे मूळ रूप पाखराचे आहे, एवढे तरी मुलांना कळावे.

अशी चित्रे दाखवताना मी वर्गात एकच प्रश्न विचारत असे : माणूस कोठे संपतो आणि पक्षी कोठे सुरू होतो? प्राचीन इजिप्तमधील ‘बा’ पाहा. मृत व्यक्तीचा हा अंश थडग्याबाहेर हिंडून पुन्हा आपल्याच शवाकडे परततो, अशी तेथील समजूत होती. त्याचे सहसा नुसते डोके माणसाचे असते. ओळख पटायला तेवढे पुरत असावे. जुन्या सायरनांचेही तसेच. पण ग्रीक कलाकारांना त्यांच्या हाती वाद्य द्यावेसे वाटले, तेव्हा त्यांना हात फुटले. आपल्याकडचा किन्नर अधिक गमतीचा आहे. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश त्याला ‘तुरङ्गवदन’, म्हणजे घोडतोंड्या म्हणतो, पण सांचीच्या शिल्पांत आणि अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भोवतालच्या डोंगरात, तो कमरेपर्यंत माणूस आणि खाली पक्षी आहे. गाणे-बजावणे हे त्याचे काम, म्हणून गळा आणि हात त्याने माणसाचे ठेवले. हेच रूप पुढे ब्रह्मदेश, थायलंड आणि जावा येथे गेले. ‘परी’ हा फारसीतून आलेला गोड शब्द या साऱ्यांवर पांघरला, की प्रत्येकाचे काम झाकले जाते. ग्रीक कथांतल्या हार्पीच्या नावातच झडप घालून हिसकावणे आहे. तिला परी म्हणणे म्हणजे घारीला मैना म्हणण्यासारखे झाले.

आता गरुड. महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेत सिद्ध झाली, तिचे सुकथनकरांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि गरुडाची सविस्तर कथा त्याच पर्वात आहे. आई विनतेला तिची सवत कद्रू हिच्या दास्यातून सोडवण्यासाठी गरुड अमृत आणतो आणि ते हाती असूनही त्याचा थेंब चाखत नाही, हे पाहून विष्णू प्रसन्न होतो. गरुड मागतो काय, तर ‘मी तुझ्याही वर असावे’. त्याला ध्वजावर जागा मिळते. मग उलट तोच विष्णूला वर देऊ करतो आणि विष्णू त्याला वाहन म्हणून मागून घेतो. देवाला वर देण्याची ही ऐट मला फार आवडते. विदिशेजवळ बेसनगरला इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, तो तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने. सायरनांच्या कथा ज्या लोकांच्या, त्यांच्यातल्याच एकाला आपला पंखवाला परका वाटला नाही. स्तंभावरचा गरुड आज नाही, लेख मात्र शाबूत आहे.

हे लिहायला निमित्त पुरवणीचे असले, तरी खरे दुखणे घराजवळचे आहे. आमच्या पेठेतल्या एका जुन्या विष्णुमंदिरात गाभाऱ्यासमोर हातभर उंचीचा काळ्या दगडाचा गरुड आहे : एक गुडघा टेकलेला, हात जोडलेले, नाक चोचीसारखे बाकदार आणि पाठीशी मिटलेले दोन पंख, ज्यांच्या पिसांच्या रेघा बोटाला लागत. दोन वर्षांपूर्वी जीर्णोद्धारात त्याच्या मागची भिंत पुढे घेऊन तिला पांढऱ्या टाइल लावल्या आणि पंख सिमेंटमध्ये गेले. नंतर कोणीतरी भक्तिभावाने शेंदूर चढवला, नाक बुजले, आणि आता तेथे ‘दासमारुती’ अशी पाटी आहे. शनिवारी तेलही वाहतात. विश्वस्तांशी बोलले, तर ‘हात जोडलेलेच आहेत ना, काय फरक पडतो?’ असे उत्तर मिळाले. फरक पडतो. गणेशोत्सवात घरोघरी जी विठ्ठलाची आरती म्हणतात, तिच्यात गरुड आणि हनुमंत हे दोघेही देवापुढे उभे आहेत, आणि पंढरपुरात वारकरी ज्या खांबाला मिठी मारतो, तो गरुडखांबच आहे. मारुतीबद्दल माझी तक्रार नाही; त्याने गरुडाची जागा मागितलेलीही नाही.

तेव्हा सायरनचे चित्र दुरुस्त करून पुन्हा छापावे आणि जमल्यास पेठांमधील मंदिरांतल्या गरुडमूर्तींवर आपल्या छायाचित्रकाराकडून एक पान करून घ्यावे, ही विनंती. आमच्या मंदिरात तो आला, तर त्याने उजव्या बाजूने वाकून पाहावे. टाइलच्या कडेला पंखाचे टोक अजून दोन बोटे बाहेर आहे.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका,
नारायण पेठ, पुणे