मदतनीस कोणी निवडायची?

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतला घरी ठेवायच्या केअरटेकरवरचा लेख वाचला. ओळखपत्र तपासा, पोलीस स्थानकात माहिती द्या, दागिने कुलपात ठेवा, या सूचना योग्यच आहेत. पण अख्ख्या लेखात घरच्यांनी काय करावं तेवढंच आहे. ज्याला ती मदत घ्यायची आहे, त्याला जणू तोंडच नाही. वर दिव्यांगांच्या घरच्यांनी स्वतः माणूस शोधण्याच्या भानगडीत न पडता एजन्सीवर भिस्त ठेवावी, असाही सल्ला आहे. तो वाचून राहवलं नाही.

माझ्या मानेच्या मणक्याला इजा आहे. छातीखाली संवेदना नाही, बोटं नीट मिटत नाहीत. घरी बसून हिशेबाची कामं करतो आणि मदतनिसाचा पगार माझ्या कमाईतून देतो. तरीही पूर्वी आम्ही एजन्सीकडे गेलो, तेव्हा त्यांचा माणूस घरी येऊन माझ्यासमोर माझ्या भावाला विचारत होता, "पेशंट किती जड आहे? रात्री त्रास देतो का?" अनामत रक्कम घेतली आणि एक बाई पाठवली. घरातल्या माणसांचं ऐकायचं, पेशंटचं नाही, असं तिला सांगून ठेवलेलं होतं.

एका दुपारी भाऊ कामावर असताना माझं डोकं फुटेल असं दुखू लागलं, कपाळावरून घाम गळू लागला. माझ्यासारख्या इजेत याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: लघवी तुंबली आहे आणि रक्तदाब झपाट्याने चढतो आहे. मी सांगितलं, आधी मला उठतं बसवा, मग लघवीची नळी बघा, कुठेतरी दुमडली असेल. ती डोक्याला बाम चोळत राहिली. म्हणाली, "दादा आले की विचारते." मी ओरडलो तेव्हा ती घाबरून अंगणात गेली. शेजारच्या काकूंनी येऊन मांडीखाली चेपलेली नळी सोडवली. त्या बाईचा मला राग नाही, तिला तसंच शिकवलं होतं. एजन्सीला फोन केला तर उत्तर मिळालं, "पेशंटचं काय मनावर घ्यायचं?" चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ती गावी गेली, बदली कोणी आलं नाही. अनामत रक्कमही परत मिळाली नाही.

त्यानंतर मी माणूस स्वतः शोधतो. पदेराला, म्हणजे घरोघरी पाव देणाऱ्याला, सांगून ठेवलं, त्याने चार वाड्यांवर निरोप पोचवला. आता येतात त्या बाईंना कसलाच अनुभव नव्हता. मी त्यांना एकेक गोष्ट सांगून शिकवली. खुर्चीला आधी ब्रेक लावायचा, पाय ठेवायची फळी बाजूला करायची, मला काखेत धरून ओढायचं नाही, पलंग आणि खुर्चीमध्ये दुसरी फळी टाकून तिच्यावरून सरकवायचं. चादरीला चुणी राहू द्यायची नाही, कारण ती मला टोचत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथे कातडी लाल दिसते. आठवड्याची सुट्टी आणि पगाराची तारीख दोघांनी मिळून ठरवली. नळीत गडबड झाली तर त्या आधी नळी बघतात, फोन नंतर.

लेखकांनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा उघडून पाहायला हवा होता. कलम 5 मध्ये समाजात राहण्याच्या हक्काबरोबर वैयक्तिक सहाय्यही लिहिलेलं आहे. आपला पैसाअडका स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्क कलम 13 मध्ये आहे. आणि ज्यांना जास्त मदत लागते त्यांच्यासाठी मदतनीस भत्त्याची तरतूद कलम 24 मध्ये आहे. या भत्त्याविषयी लेखात एक ओळ नाही! तो भत्ता दिव्यांगाच्याच खात्यात जमा झाला पाहिजे, एजन्सीच्या नाही आणि माझ्यासारख्या कमावत्या माणसाच्या बाबतीत भावाच्याही नाही. पैसे कोण देतो यावर बाई कुणाचं ऐकते ते ठरतं. ज्यांना स्वतः बोलता वा ठरवता येत नाही त्यांच्या घरच्यांची अडचण वेगळी आहे, ती मी नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी आम्हा सगळ्यांचा आवाज बंद करू नका.

जानेवारी 2023 पासून पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव होऊ लागला. आम्हाला मंचावर बोलावतात, ऐकतात, त्याचा मला खरोखर आनंद आहे. घरी कोण आंघोळ घालणार हे ठरवतानाही तसंच विचारा. पुढच्या पुरवणीत या भत्त्यासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा याची माहिती छापावी आणि ती खुर्चीवर बसणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्यावी.

आणि वीज खात्यालाही एक सांगणं आहे. पावसाळ्यात आमच्या भागात वीज सांगून जात नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतो ती हवेची गादी विजेवर चालते. पंप बंद पडला की हवा उतरते, मग बाईंना रात्रभर दर दोन तासांनी मला कुशीवर वळवावं लागतं. तक्रारीचा फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. अशा घरांची यादी खात्याने करावी आणि वीज किती वेळ जाणार ते निदान त्या घरांना फोनवर कळवावं.

– एक वाचक, फोंडा
(नाव छापू नये, ही विनंती.)