गिझमो उडालं, पण खांबांचं काय

पाटण,
11 जून 2025

चि. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

गिझमो, आपण कॅमेऱ्यावर बघत होतो ते गरुडाचं पिल्लू, उडालं. तुला कळलं असेलच, तरी मी सांगतोय. 7 तारखेला, तुमच्याकडे अमेरिकेत सकाळ आणि आमच्याकडे रात्र. आई आतून विचारत होती, दिवा घालवू का म्हणून. मी म्हटलं थांब, आणि मान वळवून बघतो तर पडद्यावर नुसतं घरटं. पाच महिने बघत बसलो आणि नेमक्या त्या वेळी मान फिरवली.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप केलं की अंगठा धरतो, म्हणून कागदावर लिहून फोटो काढून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

जानेवारीत तू ती लिंक पाठवलीस तेव्हा मला वाटलं, म्हातारा रिटायर झालाय, रिकामा बसतो, म्हणून खेळणं दिलंय. कॅलिफोर्नियातलं बिग बेअर लेक, बाल्ड ईगल गरुडांची जोडी, जॅकी मादी आणि शॅडो नर, जेफ्री पाइनच्या झाडावर 145 फुटांवर घरटं. मी आधी उंचीचा हिशेब केला. आपला 11 केव्हीचा विजेचा खांब असतो नऊ मीटरचा. पाच खांब एकावर एक! तिथे चढून कॅमेरा कुणी बसवला, बेल्ट कुठे अडकवला, वायर कशी ओढली, हेच मी दोन दिवस बघत होतो. पक्षी नंतर बघितले. आईचं वेगळंच. बाल्ड म्हणजे टकला, असं मी सांगितल्यावर म्हणाली, टकला कुठाय, चांगलं पिकलेलं डोकं आहे तुमच्यासारखं.

आमचं घड्याळ छान जमलं होतं. रात्री आई जेवायची पानं घ्यायची आणि तिकडे झाडावर उजाडायचं. मार्चमध्ये एका रात्रीत तुमच्या सरकारनं घड्याळ तासभर पुढे केलं. मला वाटलं फोनच बिघडला. तुमच्याकडे असं करतात हे तू आधी सांगायला हवं होतंस.

2024 मध्ये त्या जोडीची तीन अंडी होती आणि एकही फुटलं नाही, दोन महिने उबवूनही, हे तू सांगितलं होतंस. त्यामुळे यंदा 22 जानेवारीला पहिलं अंडं आलं तेव्हापासून आई मोजत होती. 3 मार्चला पहिलं पिल्लू, 4 ला दुसरं, 8 ला तिसरं. आणि मग धुळवड.

त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी नीट बोललो नाही. इकडे पोरं रंग खेळत होती आणि पडद्यावर तुमची रात्र, बर्फाचं वादळ. त्या रात्रीच्या कॅमेऱ्यात सगळं करडं दिसतं. जॅकी पंख पसरून बसलेली, पाठीवर बर्फ साचतोय, मधूनच अंग झटकते. आई जेवली नाही. संध्याकाळी तिकडे उजाडलं आणि दोनच माना वर आल्या. आईनं तीनदा मोजलं. मग मला म्हणाली, एवढी माणसं बघतायत, कुणी हात कसा घालत नाही? मी तुला फोन लावला तो त्यावरूनच, आणि तू म्हणालीस, अप्पा, तिथे कुणी हात घालत नाही, तसाच नियम आहे. मी रागानं फोन ठेवला. मग तुला वाटलं मी गरुडावर रागावलोय.

आता तुला एक सांगतो, जे आईलाही माहीत नाही.

तू आठवीत होतीस तेव्हा कावळे माझ्या मागे लागायचे, आठवतंय? डीपीजवळून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळून, गेलो की डोक्यावर झडप. मी टोपी बदलली, वाट बदलली, तरी ओळखायचे. तू शाळेत जाताना माझ्या डोक्यावर छत्री धरायचीस आणि सगळी गल्ली हसायची. मी तुम्हाला सांगितलं होतं की खिशात शेंगदाणे असतात म्हणून येतात. तसं नव्हतं. मे महिना होता, पावसाळ्याआधीची कामं चालली होती. डीपीच्या चॅनलवर, म्हणजे वरच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, कावळ्याचं घरटं होतं. काड्या कमी आणि बाइंडिंग वायरचे तुकडे जास्त. एक तुकडा जरी दोन फेजमध्ये, म्हणजे दोन जिवंत तारांमध्ये, आला तर फीडर गेलाच, सगळ्या भागाची वीज बंद. परमिट घेतलं, लाइन बंद केली, वर चढलो. आत तीन पिल्लं, चोची उघडून. त्यांना वाटलं मी चारा आणलाय. खालून ओरडा चालला होता, पिठाची गिरणी बंद होती, लग्नघरात पाण्याची मोटर बंद होती. मी घरटं उचलून शेजारच्या लिंबावर ठेवू शकलो असतो. दहा मिनिटं लागली असती. मी ते बांबूनं खाली ढकललं.

कावळ्यांनी ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत लक्षात ठेवलं. बरोबरच केलं.

म्हणून मला त्या कॅमेऱ्याचं एवढं लागलं असेल. हात पोचत नाही तेच बरं, असं माझ्यासारख्याला वाटणं सोपं नाही. नोव्हेंबरात तुला ताप होता, मी तुझ्या रूममेटला दिवसातून चार फोन केले, तिच्या मैत्रिणीलाही केला. तू बरी झाल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ते मला तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळलंय. पूर्ण कळलंय असं म्हणत नाही.

असो. पिल्लांचं सांगतो. शाळेतल्या मुलांनी मतदान करून नावं ठेवली, सनी आणि गिझमो, हे मला फार आवडलं. थोरलं सनी पहिल्यापासून धाकट्याच्या डोक्यावर चोच मारायचं. मी आईला म्हणायचो, गिझमोचं काही खरं नाही. पण शॅडोनं मासा आणून टाकला की गिझमो मागच्या बाजूनं सरकत यायचं आणि बरोबर जॅकीच्या चोचीखाली उभं राहायचं. आधी राखेसारखी लव, मग पंखांवर काळे कोंब, मग सगळंच काळपट तपकिरी. डोकं पांढरं व्हायला पाच वर्षं लागतात म्हणे. आणि शी करताना शेपूट वर करून घरट्याच्या बाहेर पिचकारी. एवढी शिस्त आमच्या ऑफिसात नव्हती.

शॅडोचं मला हसू येतं. एवढाल्या काटक्या आणतो आणि पिल्लांच्या अंगावरच ठेवतो. जॅकी लगेच उचलून दुसरीकडे ठेवते. तो परत उचलतो. तुझी आई माझ्याकडे बघते.

हे पक्षी एकदा संपत आले होते ते डीडीटीमुळे. ते माशांत जायचं, माशांतून गरुडात, आणि अंड्याचं कवच एवढं पातळ व्हायचं की बसल्यावर फुटायचं. 1963 मध्ये अलास्का सोडून सगळ्या अमेरिकेत 417 जोड्या उरल्या होत्या. माझ्या लहानपणी मलेरियावाले आपल्या घरात तेच फवारायचे आणि भिंतीवर तारीख लिहून जायचे. आजी म्हणायची, फवारणी झाली की ढेकूणही जातात. 1972 ला तिकडे बंदी आली, आणि 2007 मध्ये या गरुडाचं नाव धोक्याच्या यादीतून काढलं.

आता माझं खरं काम. गिझमोचे पंख पसरले तर सहा-सात फूट भरतील. उंच जागा दिसली की हा पक्षी बसणारच, आणि उंच जागा म्हणजे खांब. एक पंख एका फेजला, दुसरा दुसऱ्याला, संपलं. पिसं ओली असली तर आणखीच वाईट. मी गिधाडं, घुबडं, वटवाघळं सगळी तारेखाली उचललीत. तिकडे गरुडांसाठी दोन तारांत 60 इंच अंतर ठेवायचं असं ठरवलंय, हे मी वाचलंय. पण वाचणं वेगळं आणि खांबावर असणं वेगळं. जुन्या लाइनी कोण बदलतो?

तू म्हणालीस सुट्टीत मैत्रिणींबरोबर बिग बेअरला जाणार. जा. झाडाजवळ जाऊ देत नाहीत ते बरोबर आहे, जाऊही नकोस. फक्त तळ्याकाठच्या रस्त्यावरचे खांब बघ. वरची तार कशी आहे, झंपरवर, म्हणजे मधल्या जोडतारेवर, कव्हर घातलंय का, ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला, म्हणजे तार जिथे जोडतात त्या टोकाला, टोपी आहे का. दोन-तीन खांबांचे फोटो काढ, खालून नको, थोडं लांबून, म्हणजे चॅनल आडवा दिसेल. तळ्याचे फोटो आईला पाठव.

काल वटपौर्णिमा झाली. आईला वाटतंय तू बारीक झालीस. मी तिला सांगितलं, विचारू नकोस. तिनं विचारायला सांगितलंय.

तुझे,
अप्पा