गालिच्यातली ‘मुद्दाम केलेली चूक’

संपादक महोदय,
नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत इराणी गालिच्यांवर लेख आला होता, फोटो मस्त होते, पण परत तीच गोष्ट, की विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात कारण परिपूर्ण फक्त देव. ऐकायला गोड आहे म्हणून सगळीकडे फिरते. पण अहो, हाताने लाखो गाठी मारायच्या म्हटल्यावर चूक मुद्दाम कशाला करायला पाहिजे, ती होतेच की!

फार्स प्रांतातल्या भटक्या कश्काई जमातीतल्या बायकांचं बघा. माग जमिनीवर आडवा ठोकलेला, मुक्काम हलला की सोडून गुंडाळायचा आणि पुढे जाऊन परत ताणायचा, मग रुंदी थोडी इकडेतिकडे होणारच. नक्षी बहुतेक डोक्यातच असते, त्यामुळे काठ कोपऱ्यात नीट वळत नाही, कुठे अर्धं फूलच येतं. लोकर पण थोडी थोडी रंगवतात, दुसऱ्या घाण्याचा निळा पहिल्यासारखा उतरत नाही आणि गालिच्यात फिकट-गडद पट्टे दिसतात, त्याला तिकडे अबराश म्हणतात. मला तर तेच सगळ्यात आवडतात!

याउलट काशान, तब्रीझ या शहरांतल्या कारखान्यांत माग उभा, समोर चौकटीच्या कागदावर नक्षी, एक चौकट म्हणजे एक गाठ. तिथे हेराती नावाच्या नक्षीची पानं (माशासारखी दिसतात म्हणून तिला माही पण म्हणतात) किंवा बोतेह, म्हणजे आपली कोयरी, एकसारखी उतरते. युनेस्कोने २०१० साली फार्स आणि काशान, दोन्हीकडची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, पण वेगवेगळी, ते उगाच नाही.

आता अर्दबिलचा गालिचा. १५३९-४० चा, साडेदहा मीटर लांब, अडीच कोटींच्या वर गाठी, १८९३ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. त्यात मधल्या पदकाच्या (मधोमध असलेल्या मोठ्या नक्षीच्या) दोन्ही बाजूंना दिवे विणलेले आहेत, एक मोठा एक लहान. कोणी म्हणतं हीच ती मुद्दाम चूक, कोणी म्हणतं लहान दिव्याकडे बसलं की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून तसं केलंय. पुरावा कशालाच नाही, मग लेखात एकच बाजू ठामपणे का छापायची?

आणि पुढच्या वेळी एक फोटो गालिच्याच्या पाठीचा पण छापा प्लीज. गाठी तिथेच दिसतात.

आपला एक नियमित वाचक