भिंत झाकण्याआधी तपासा: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या व्हॅनच्या आतली एक भिंत पुन्हा उघडली. पूर्वी माल वाहणारी ही गाडी आता कॅम्पर आहे, म्हणजे आत राहता-झोपता येईल असं चाकांवरचं घर. पासिंग झालेलं आहे, नोंदणीपत्रावर तशी रीतसर नोंदही आहे. प्लायवूडचं पॅनल काढलं तेव्हा त्याची मागची बाजू हाताला ओली लागली. खालच्या कडेला काळी बुरशी धरली होती. आणि पत्र्याच्या एका फासळीच्या धारेवर घासून घासून एका वायरचं वेष्टण गेलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. त्या जागेपासून माझी उशी वीतभर अंतरावर असते.

पासिंगच्या दिवशी अधिकाऱ्यांनी गाडी मन लावून पाहिली होती. खिडक्या मोजल्या, पलंग उघडून आणि मिटून पाहिला, ओटा हलत नाही ना हे हाताने दाबून पाहिलं, चारही बाजूंनी फोटो काढले. त्यांच्या हातातल्या तक्त्यात जे होतं ते सगळं त्यांनी तपासलं, त्यामुळे माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या तक्त्याबद्दल आहे. अशा गाडीत झोपलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं ते बहुतेक सगळं पॅनलच्या मागे किंवा फरशीच्या खाली असतं, आणि आपली तपासणी होते ती सगळं झाकून झाल्यावर.

मालवाहू व्हॅन म्हणजे पत्र्याचा मोठा डबा. आत माणूस राहील हा विचार तिच्या आखणीत कुठेच नसतो. पोलाद उष्णता झटकन वाहून नेतं, थंडी अडवायला आपण आतून लावतो त्या फोमच्या तुलनेत हजार पटींहून जास्त. म्हणजे सगळीकडे फोम लावला आणि पत्र्याच्या उभ्या फासळ्या तेवढ्या उघड्या ठेवल्या, तर थंडी नेमकी त्या फासळ्यांतून आत येते. आतली हवा २० अंशांवर असेल आणि तिच्यात ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरू लागतं. बाहेर शून्य अंश असताना पत्रा १२ अंशांच्या कितीतरी खाली असतो. दोन माणसं रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी हवेत मिसळतं. हे पाणी सकाळी काचेवर दिसतं तेवढंच आपण पुसतो. उरलेलं पॅनलच्या फटींतून मागे जातं, पत्र्यावर गोठतं, दुपारी वितळून खाली ओघळतं आणि चाकाच्या कमानीवर किंवा दाराच्या खालच्या पोकळीत साचून राहतं. गंज तिथून सुरू होतो, आतून, आणि बाहेरच्या रंगावर फोड येईपर्यंत कुणाला कळत नाही.

म्हणूनच बारमाही कॅम्पर करताना हीटरच्या आधी हवेची ये-जा ठरवावी लागते. छतावर हवा बाहेर टाकणारा पंखा हवा आणि खाली बाहेरची हवा आत येण्याची वाट हवी. यातलं एक असून दुसरं नसेल तर दोन्ही निरुपयोगी. हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं नव्हतं. थंड वारा लागतो म्हणून मी खालची जाळी चिकटपट्टीने बंद केली होती. असं करणारे अनेकजण मला नंतर भेटले, आणि महोदय, या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट मी आता सांगते आहे. ज्या रात्री जाळी बंद होते त्याच रात्री आत काहीतरी जळत असतं.

कुणी गॅसची शेगडी ऊब यावी म्हणून चालू ठेवतं, कुणी सुटा गॅस हीटर पायाशी ठेवतं. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने आत येतं, म्हणजे ओलीचा त्रास वाढतोच. पण खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला यात वेगळं काही जाणवत नाही, आणि तो झोपतो.

डिझेलवर चालणारे पक्के बसवलेले हीटर या बाबतीत पुष्कळ चांगले. त्यांचं ज्वलन बंद कोठडीत होतं, ज्वलनाची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आत येते ती फक्त गरम केलेली हवा. अशा हीटरांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १२२ आहे, त्या नियमाला उतरलेल्या हीटरवर तसं चिन्ह असतं. पण चांगला हीटर वाईट बसवता येतो. धुराची नळी फरशीखालून जाते. तिचा जोड सैल असेल, तिचं तोंड फरशीतल्या एखाद्या मोकळ्या भोकाजवळ असेल, किंवा ते गाडीच्या बाहेर न काढता पोटाखालीच सोडलं असेल, तर बर्फात उभ्या असलेल्या गाडीखाली धूर कोंडतो आणि आत शिरतो. माझ्या पासिंगला गाडीखाली कुणी वाकून पाहिलं नाही. तक्त्यात ते नव्हतं.

गॅसचंही तसंच. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळती झाली की गॅस खाली उतरतो, फरशीवर पसरतो, पलंगाखालच्या खणात साठतो. म्हणून सिलिंडरचा खण आतल्या बाजूने हवाबंद हवा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. हे भोक नंतर पाडता येतं, पण खण हवाबंद आहे की नाही हे फर्निचर बसल्यावर कळणं अवघड. (थंडीत ब्युटेनचं सिलिंडर भरलेलं असूनही चालत नाही, कारण शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफ होणं थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. कित्येक नवशिक्यांचा पहिला हिवाळा हे न कळल्यामुळे गारठ्यात जातो.)

विजेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण माझी तांब्याची तार मी आधीच दाखवली आहे. १२ व्होल्टची वीज अंगाला झटका देत नाही म्हणून लोक तिला खेळण्यातली समजतात. पण २,००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण चालला की बॅटरीतून १६५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. त्या प्रवाहाला बारीक केबल दिली की ती तापते, आणि तापते कुठे, तर लाकूड आणि फोमच्या मध्ये. बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज, पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी कडी, फासळीवरून जाणाऱ्या वायरला नळी, एवढ्यावर बरीचशी आग टळते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आतून कायमची बिघडते, म्हणून थंडीत तिला ऊब किंवा चार्जिंग तोडणारं नियंत्रण लागतं. हे झाकलेल्या गाडीतही विचारता येईल, पण विचारत कुणी नाही.

आता इतर देशांकडे पाहिलं तर दोन वाटा दिसतात. युरोपीय संघाच्या नियमात मोटर कॅरव्हॅन म्हणायला चार गोष्टी लागतात: बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा, आणि हे सारं गाडीला पक्कं बसवलेलं, टेबल तेवढं काढता येणारं चालतं. ब्रिटनच्या नोंदणी खात्याने भर दिला तो बाहेरून गाडी कशी दिसते यावर. बाजूला दोन खिडक्या आहेत का, गाडीवर कॅम्परसारखी पट्ट्यांची नक्षी आहे का, बाजूला कापडी छत ताणायचा दांडा आहे का. मला हे वाचून वाईट वाटलं. नक्षीने कुणाचा जीव वाचत नाही. आणि आपला तक्ता याच दुसऱ्या वाटेने गेलेला आहे.

त्याउलट काही ठिकाणी आतल्या गोष्टींची मानकं वर्षानुवर्षं लिहून तयार आहेत. राहण्याच्या वाहनांतल्या गॅसच्या जोडणीसाठी ईएन १९४९ (ईएन म्हणजे युरोपीय मानक), हवेच्या ये-जेसाठी ईएन ७२१, अशा वाहनांतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या गजरासाठी ईएन ५०२९१चा दुसरा भाग. ईएन १६४६ मध्ये तर ऊब राखण्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. सगळ्यात वरच्या, तिसऱ्या पायरीला बाहेर उणे १५ अंश असताना आत २० अंश राखता आले पाहिजेत. 'चारही ऋतूंचा कॅम्पर' हे शब्द गाडी विकणारा कुणीही पाटीवर रंगवू शकतो, त्यामागे काय आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. विकायच्या गाडीला तरी ही पायरी दाखवणं बंधनकारक करा.

स्वतः गाडी करणाऱ्यांसाठी माझी एकच मुख्य मागणी आहे. तपासणी दोनदा करा. पहिली तेव्हा, जेव्हा फोम लागलेला आहे, वायरी ओढलेल्या आहेत, गॅसची नळी आणि हीटर बसले आहेत, पण पॅनल एकही चढलेलं नाही. दुसरी सगळं पूर्ण झाल्यावर. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत आणि कॅनडात घर बांधताना वायरी आणि नळ भिंतीत झाकले जाण्याआधी निरीक्षक येऊन पाहून जातो, त्याच्या सहीशिवाय भिंत बंद करता येत नाही. ज्या भिंतीशेजारी माणसं झोपणार तिचा हा नियम चाकांवरच्या भिंतीला का नको?

पहिल्या तपासणीला यंत्रं फारशी लागत नाहीत. गॅसच्या नळीत दाब भरून तो टिकतो का पाहायचं, टॉर्च घेऊन वायरी पाहायच्या, गाडीखाली वाकून धुराची नळी पाहायची, फासळ्यांवर फोम आहे का ते बघायचं. तासाभराचं काम. त्यासाठी गॅस आणि वायरिंग समजणारा माणूस मात्र हवा, फक्त वाहनं समजणारा पुरणार नाही. न्यूझीलंडने २०२३ मध्ये स्वयंपूर्ण वाहनांचा, म्हणजे स्वतःचं पाणी, शौचालय आणि सांडपाण्याची सोय असलेल्या वाहनांचा, कायदा केला तेव्हा त्या तपासणीची देखरेख नळकाम आणि गॅसजोडणीच्या मंडळाकडे दिली. असा विचार आपल्यालाही करता येईल.

दुसऱ्या तपासणीत गाडी वजनकाट्यावर न्या, पाण्याची टाकी भरून आणि माणसं बसवून. १२ मिलिमीटर जाडीचं, ८ बाय ४ फुटांचं एक प्लायवूड २० किलोंच्या आसपास भरतं. अशी दहा-बारा लावली, वर पाणी, बॅटऱ्या, ओटा, की उत्साहाच्या भरात माणूस गाडीची वजनमर्यादा ओलांडून जातो आणि त्याला ते पहिल्या उतारावर ब्रेक दाबताना कळतं. चालकामागचं लोखंडी पार्टिशन बहुतेकजण काढून टाकतात. माल पुढे येऊ नये म्हणून ते होतं. त्याच्या जागी आलेलं कपाट कशाला बोल्टने जोडलं आहे हेही त्याच वेळी पाहा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर असल्याशिवाय कुठल्याही कॅम्परची नोंदणी करू नका. या एका अटीवर मी आजच सही करायला तयार आहे.

एक भीती मला आहे, ती सांगते. नियम वाढले की लोक लपतात. आज गाडीचं काम चालू असताना ती कागदोपत्री ना धड मालवाहू असते ना कॅम्पर, विमा कशाचा धरायचा हे कुणी सांगत नाही, म्हणून कित्येकजण नोंदणी बदलायला जातच नाहीत. गादी आणि शेगडी ठेवून मालवाहू म्हणूनच वर्षानुवर्षं फिरतात. पहिली तपासणी स्वस्त असली, तिथे नापास झालेल्याला दंड न लागता दुरुस्तीचा कागद मिळाला, आणि काम चालू असेपर्यंत तात्पुरती नोंदणी मिळाली, तर हेच लोक आपणहून येतील. मीही आले असते. माझी ती वायर कुणीतरी तेव्हाच बोट ठेवून दाखवली असती, आणि मी दोन मिनिटांत तिला नळी घातली असती.

गाडीची डावी बाजू मी पूर्ण उघडली आहे. ओला फोम काढला, गंज घासून रंग दिला, फासळ्यांवर आता फोम चढवते आहे. वायरी नव्याने ओढल्या आहेत. उजवी बाजू पुढच्या महिन्यात उघडेन. थंडी सुरू व्हायच्या आत दोन्ही बाजू बंद करायच्या आहेत, तोवर त्या उघड्याच ठेवते. आपल्या खात्यातला कुणी अधिकारी नवा तक्ता करायच्या आधी झाकलेल्या भिंतीमागे काय असतं ते पाहू इच्छित असेल, तर गाडी घेऊन आपल्या कार्यालयाच्या आवारात यायची माझी तयारी आहे. टॉर्च मी आणेन.

आपली नम्र,
एक कॅम्परमालक