रात्र निळीच हवी

महोदय,

कोकणात गावोगावी हौशी मंडळी पडदा लावून जुने भयपट दाखवतात, ही मोठी आनंदाची गोष्ट. पण जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२ चा मूकपट ‘नोस्फेरातू’ लावण्याआधी प्रत तपासा. त्यातली रात्रीची दृश्यं दिवसाउजेडी चित्रित करून फिल्मला निळी छटा दिली होती. ती छटा नसलेल्या प्रतीत रक्तपिपासू पिशाच्च काउंट ओरलॉक शवपेटी काखोटीला मारून लख्ख उजेडात हिंडतो. मग शेवटी सूर्यकिरणांनी तो विरतो, त्याला अर्थच उरत नाही! जीव तुटतो पाहताना. जास्त वेगाने चालणाऱ्या प्रतीत पात्रं तुरुतुरु धावतात आणि पोरं हसत सुटतात. सुमारे ९४ मिनिटांची, रंगछटा असलेली प्रत निवडा. खाऱ्या वाऱ्यात पडदा फडफडतो, तेव्हा खालची कडही ताणून बांधा.

– एक चित्रपटप्रेमी, रत्नागिरी