मुख्याध्यापक कोणता विषय शिकवतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नातवाच्या पालकसभेत शेजारच्या गृहस्थांना सहज विचारलं, 'हेडसर कोणता विषय घेतात हो?' ते बघतच राहिले. 'हेडसर शिकवतात?'

अनुदानित माध्यमिक शाळेच्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं लिपिक होतो. गावाच्या लेखी हेडमास्तर म्हणजे दाखल्यावर सही करणारा माणूस. दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की जनरल रजिस्टरातली जन्मतारीख 'जरा मागेपुढे' करून मागायला पालक यायचे. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ते होत नाही म्हटलं, की 'मग खुर्चीत बसलाय कशाला?' शिक्षकांना तो संस्थेचा माणूस वाटतो, संस्थेला शिक्षकांचा. खात्याला तर तो फक्त माहिती उशिरा पाठवणारा इसम!

हे पद येतं सेवाज्येष्ठतेने. १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत पदवी, बी.एड. आणि किमान ५ वर्षांचा अनुभव एवढी अट आहे. कारभार कसा करायचा हे कुणी शिकवत नाही. आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या माणसापुढे एके सकाळी शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतली पगारबिलं, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारला भरून देणं, संचमान्यता म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर करून घेणं आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, हे सगळं येऊन पडतं. त्यात ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने शिपायाच्या पदाऐवजी शाळेला नुसता भत्ता आला. पहिली घंटा स्वतः देणारे हेडसर मी पाहिलेत.

नियमाने मुख्याध्यापकालाही आठवड्याला काही तासिका असतात. वेळापत्रकात त्या दिसतात, वर्गात मात्र दुसरंच कुणीतरी उभं असतं. आमच्या एका हेडसरांनी दहावी 'ब'ची भूमिती शेवटपर्यंत सोडली नाही. तिसऱ्या तासाला फोन आला तर 'सर तासावर आहेत' एवढंच सांगायचं, अशी मला ताकीद होती. त्यावरून खात्यातल्या साहेबांची बोलणी मीच खाल्ली. पण कुणाकडे कंपासपेटी नाही, कोण चार दिवस ऊसतोडीला गेलाय, हे त्यांना हजेरीपटाआधी ठाऊक असायचं. पालक भांडायला आले तरी बोलणं पोराच्या वहीपासून सुरू व्हायचं.

निकालाच्या दिवशी आपण शाळेची टक्केवारी छापता, मुख्याध्यापकांचा फोटोही. यंदा त्याखाली एक ओळ वाढवता येईल का? ते कोणत्या इयत्तेला, कोणता विषय शिकवतात.

आपला,
एक निवृत्त शालेय लिपिक, जि. सांगली