महाराष्ट्राचा हॉकी संघ लिलावाआधी मैदानावर उभा राहावा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : हॉकी इंडिया लीगमधील महाराष्ट्राची अनुपस्थिती आणि राज्यातील क्लब हॉकी

सादर नमस्कार.

खासगी मालकांचे संघ लिलावातून खेळाडू घेऊन जिच्यात उतरतात ती हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर २८ डिसेंबर २०२४ रोजी ओडिशातील राउरकेला येथे पुन्हा सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच मैदानावर राढ बंगाल टायगर्सने हैदराबाद तूफान्सचा ४-३ असा पराभव करून पुरुषांचे विजेतेपद मिळवले. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले खेळाडू आपल्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळले आणि हॉकीवर प्रेम करणाऱ्या आम्हा सर्वांना त्याचा मनापासून आनंद झाला. या आनंदात एक सल मात्र राहिला. पुरुषांच्या आठ संघांत बंगाल, तामिळनाडू, हैदराबाद, दिल्ली, उत्तर प्रदेश, कलिंग अशी नावे होती, पण मुंबई, पुणे किंवा नागपूर यांपैकी एकाही शहराचे नाव नव्हते.

आता कोणीतरी आपल्याकडे येऊन महाराष्ट्राचाही एक संघ काढा, राज्य शासनाने पाठबळ द्यावे, असे सुचवील. संघ असावा असे मलाही वाटते, परंतु त्याआधी राज्यातली क्लब हॉकी सावरावी, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संघ काढण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. २००५ साली सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होता. २०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स उतरला आणि पाच संघांत शेवटचा आला. त्याच्या जागी आलेला दबंग मुंबई २०१७ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चंदीगडला कलिंग लान्सर्सकडून ४-१ असा हरला. बारा वर्षांत मुंबई-महाराष्ट्राच्या नावाने तीन संघ आले आणि गेले. त्यांत उत्तम खेळाडू होते, प्रशिक्षकही नावाजलेले होते. पण मालकाने हात काढून घेतला किंवा स्पर्धा थांबली की संघ संपला, कारण मालक आणि स्पर्धा यांच्याखेरीज त्याला धरून ठेवणारे दुसरे काहीच नव्हते. त्याचे सभासद नव्हते, मुलांचे संघ नव्हते, स्वतःचे मैदान नव्हते.

युरोपात याच्या उलट क्रमाने काम झाले आहे आणि ते आपण बारकाईने पाहावे असा माझा आग्रह आहे. युरोपीय हॉकी महासंघाने पुरुषांच्या क्लबांसाठी २००७-०८ च्या हंगामात युरो हॉकी लीग सुरू केली. तिथे संघ विकत घेऊन प्रवेश मिळत नाही. आपापल्या देशाची लीग जिंकलेले किंवा तीत वरच्या क्रमांकावर आलेले क्लबच पुढे जातात आणि कोणत्या देशाला किती जागा द्यायच्या हे त्या देशाच्या क्लबांच्या आधीच्या कामगिरीवर ठरते. पहिल्या हंगामात २४ क्लब होते आणि विजेता ठरला हॅम्बुर्गचा ऊलेनहॉर्स्टर हॉकी क्लब, ज्याची स्थापना १९०१ सालची आहे. त्या स्पर्धेने खेळालाही पुष्कळ दिले. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडल्यामुळे फ्री हिट मिळाल्यावर चेंडू दुसऱ्याकडे न देता स्वतःच पुढे नेण्याची मुभा तिथे आजमावली गेली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय नियमांत आली. सामना चार भागांत खेळवण्याची पद्धतही त्या लीगने आंतरराष्ट्रीय हॉकीच्या आधी स्वीकारली होती.

ब्लूमेंडाल हे तर नेदरलँड्समधील हार्लेमजवळचे एक लहानसे गाव. तिथल्या हॉकी क्लबने २००९, २०१३, २०१८ आणि त्यानंतर २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षे ही लीग जिंकली. एका गावाचा क्लब साऱ्या युरोपात पहिला येतो, याचे कारण तिथल्या कोणा धनिकाच्या औदार्यात शोधू नये. वर्गणी भरणारे सभासद, शाळकरी मुलामुलींपासून ज्येष्ठांपर्यंतचे संघ, आठवड्याचे ठरलेले सामने आणि वर्षानुवर्षे टिकलेले मैदान, एवढ्यावर तो क्लब १८९५ पासून उभा आहे. विशेष म्हणजे आपण लिलावात ज्यांच्यासाठी बोली लावली ते कित्येक खेळाडू अशाच क्लबांतून आले. २०१३ मध्ये उत्तर प्रदेश विझार्ड्सकडून खेळलेला ट्यून द नोयर आणि पंजाब वॉरियर्सचा जेमी ड्वायर हे दोघे ब्लूमेंडालचे. हॅम्बुर्गचा मॉरिट्झ फ्युर्स्टे २०१३ मध्ये रांची ऱ्हायनोजबरोबर आणि २०१७ मध्ये कलिंग लान्सर्सबरोबर विजेता ठरला.

महोदय, ब्लूमेंडालचा क्लब स्थापन झाला त्याच सुमारास, १८९६ मध्ये, मुंबईत आगाखान कप सुरू झाला होता. क्लब हॉकी ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही, हे सांगायला याहून मोठा पुरावा कोणता हवा? रेल्वे, कस्टम्स, टाटा, महिंद्र, एअर इंडिया, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (आरसीएफ) यांचे संघ मुंबईच्या लीगमध्ये खेळत. खेळाडूला नोकरी मिळे आणि चर्चगेटच्या मैदानावर कसाला लावणारा प्रतिस्पर्धीही मिळे. लिओ पिंटो, मर्विन फर्नांडिस, जोकिम कार्व्हालो, एम. एम. सोमय्या हे खेळाडू याच शहराच्या हॉकीतले.

धनराज पिल्ले यांचे उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे, पण त्यातला एक दुवा आपण विसरतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळणारा तो मुलगा मुंबईला आला, कारण थोरले भाऊ रमेश आरसीएफकडून मुंबईच्या लीगमध्ये खेळत होते. पुढे महिंद्रच्या संघात धनराज यांना जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन मिळाले. खडकीतल्या मुलाला वर चढायला एक शिडी होती आणि तिची प्रत्येक पायरी जागेवर होती. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला हा खेळाडू पुढे जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, मलेशिया, बांगलादेश इथल्या क्लबांतही खेळला. आज खडकीत तितक्याच गुणाचा मुलगा असेल तर त्याने दर आठवड्याला कोणत्या स्पर्धेत, कोणाविरुद्ध खेळावे, याचे उत्तर आपल्या विभागाने द्यायला हवे.

ओडिशाचे नाव या चर्चेत नेहमी येते आणि ते योग्यच आहे. २०१८ पासून त्या राज्याने राष्ट्रीय संघांना पुरस्कृत केले आणि २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेलाचे बिरसा मुंडा स्टेडियम उभारले. मात्र हे सारे होण्याच्या कितीतरी आधीपासून सुंदरगडच्या गावागावांत हॉकी खेळली जात होती आणि पानपोशच्या क्रीडा वसतिगृहात मुले तयार होत होती. पैसा आला तेव्हा तो झिरपायला जमीन तयार होती.

आपल्याकडे मैदाने अगदीच नाहीत असे नाही. चर्चगेटचे महिंद्र स्टेडियम आहे, बालेवाडीचे संकुल आहे. पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये २०२१ साली वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. या मैदानांवर वर्षभर चालणारी राज्यस्तरीय क्लब लीग हवी. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा केंद्रांतले क्लब एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळतील, तळाचे संघ खाली जातील, खालचे वर येतील आणि ज्या क्लबाकडे सोळा वर्षांखालील मुलामुलींचे संघ नाहीत त्याला प्रवेश मिळणार नाही, अशी तिची रचना असावी. कृत्रिम हिरवळीचे आयुष्य मर्यादित असते आणि तिला पाणी व निगा सतत लागते, त्यामुळे देखभालीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी. उद्घाटनाचा खर्च मंजूर होतो, पण देखभालीचा दरवर्षी मागावा लागतो, हे थांबले पाहिजे. संध्याकाळचे काही तास महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांतील मुलांसाठी राखून ठेवावेत. ही मुले शुल्क भरून मैदानावर येऊ शकणार नाहीत.

आणि उद्या एखादा उद्योगसमूह महाराष्ट्राच्या नावाने लीगमध्ये संघ उतरवण्यास पुढे आला आणि त्याने शासनाकडे सहकार्य मागितले, तर ते अवश्य द्यावे, पण अट घालून. २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांच्या संघात २४ पैकी १६ भारतीय होते आणि त्यांत चार कनिष्ठ खेळाडू सक्तीचे होते. अशा कनिष्ठ जागांसाठी बोली लावताना राज्य लीगमधल्या मुलांचा आधी विचार व्हावा, उरलेल्या होतकरूंना सरावात सामील करून घ्यावे आणि हंगाम संपल्यावरही राज्यातील किमान एका क्लबाच्या मुलांचे प्रशिक्षण त्या मालकाने चालवावे. जो हे मान्य करणार नाही त्याने आपला संघ जरूर काढावा, मात्र महाराष्ट्राच्या करदात्याकडून त्यासाठी काही मागू नये.

पुढील अर्थसंकल्पापूर्वी आपण राज्यातील हॉकी संघटना, जुने क्लब, संस्थात्मक संघांचे व्यवस्थापक आणि माजी ऑलिंपिकपटू यांची एक बैठक बोलवावी आणि राज्यातील प्रत्येक हॉकी मैदानाची सद्यस्थिती त्याआधी जाहीर करावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
मुंबईच्या क्लब हॉकीचा एक जुना प्रेक्षक